पोथी शाबूत, अनुक्रमणिका गेली

पूर्ण बंद पडलेलं यंत्र एक वेळ परवडतं. उचललं, दुकानात नेऊन दिलं, संपलं. पण जे उघडतं आणि तरीही उघडत नाही, त्याचं काय करायचं?

सांगलीच्या काकूंच्या संगणकावरच्या मेलच्या प्रोग्रामचं तसंच झालं होतं. टिचकी मारली की खिडकी यायची, डावीकडे फोल्डरांची नावंही दिसायची, पण 'इनबॉक्स'वर गेलं की सगळं पांढरं. बंद करून पुन्हा उघडायला गेलं की निरोप यायचा : थंडरबर्ड आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही.

"चालू आहे म्हणतो गं, आणि बोलत मात्र नाही. तुझ्या काकांसारखाच!" काकू फोनवर म्हणाल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण काकूंची थट्टा चालूच असते.

थट्टा होती तरी आवाज घाबरलेला होता. कारण सांगते. तो संगणक म्हणजे एक्सपीवाला जुना डबा. इंटरनेट कधीच काढलेलं. काकू तो लावतात ते फक्त जुनी पत्रं वाचायला. काकांनी २००५ साली मेल सुरू केली ती 'पॉप' पद्धतीने, म्हणजे पत्र घरच्या संगणकावर उतरलं की सर्व्हरवरचं पुसलं जायचं. डायल-अपचे दिवस ते. जोडायचं, पत्रं उतरवायची, तोडायचं आणि मग निवांत चहा घेत वाचायचं. सोय झकास. पण त्याचा अर्थ असा, की परदेशातल्या लेकीची आणि काकांची सगळी पत्रं जगात एकाच जागी होती, गावभागातल्या त्या डब्यात. २०१९ च्या महापुरात शेजारच्या पोरांनी डबा माळ्यावर चढवला म्हणून तेव्हा वाचली.

तर रविवारी साताऱ्याहून एसटी धरली, कराडमार्गे सांगली.

आता मंडळी, असला प्रसंग कुणावरही येऊ शकतो, म्हणून जरा क्रमाने सांगते. पहिलं काम दुरुस्तीचं नाही, नक्कल काढण्याचं. थंडरबर्ड आपला सगळा संसार 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतो. एक्सपीवर तो 'ॲप्लिकेशन डेटा'मध्ये असतो आणि लपवलेला असतो, त्यामुळे आधी लपवलेल्या फायली दिसतील अशी सोय करावी लागते. तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. मग जीव भांड्यात पडला.

मग तो 'आधीच चालू आहे'चा निरोप. त्यात खोटं काही नव्हतं. खिडकी बंद केली तरी प्रोग्राम आत अडकून पडलेला होता, आणि एक प्रोफाइल एका वेळी एकालाच वापरता येतं. टास्क मॅनेजर उघडून त्याला तिथून उठवलं. पण पुन्हा सुरू केल्यावर इनबॉक्सवर गाडी अडलीच. शिफ्ट दाबून 'सेफ मोड'मध्येही तेच. म्हणजे दोष जोडलेल्या भानगडींचा नव्हता, फायलींचा होता.

फायलींची रचना फार साधी आहे. प्रत्येक फोल्डरच्या दोन फायली. एक बिनआडनावाची, नुसतं 'इनबॉक्स'. तिच्यात सगळी पत्रं एकाखाली एक, युनिक्सच्या जुन्या काळापासून चालत आलेल्या 'एमबॉक्स' पद्धतीने. दुसरी 'एमएसएफ' आडनावाची, ती नुसती अनुक्रमणिका. यूपीएसची बॅटरी म्हातारी, प्रोग्राम चालू असताना वीज गेली आणि अनुक्रमणिका अर्धवट लिहिलेली राहिली. पोथी शाबूत, अनुक्रमणिका गेली! मग एमएसएफवाल्या फायली तेवढ्या काढून टाकल्या. (बिनआडनावाच्यांना हात लावायचा नाही, हे दहा वेळा घोकून.) थंडरबर्ड उघडला, त्याने स्वतःच नवी अनुक्रमणिका बांधली, आणि पाच-सात मिनिटांत पत्रांची रांग लागली. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुरुस्तीच्या आधी खात्री करायला मी त्या बिनआडनावाच्या फायली नोटपॅडमध्ये उघडून पाहिल्या होत्या. लेकीची देवनागरी पत्रं तिथे वाचता येत नाहीत. नुसत्या 'काका' या शब्दाची छत्तीस चिन्हांची माळ झालेली असते. काका मात्र रोमन लिपीत मराठी लिहायचे, ते स्वच्छ दिसतं. आणि या पद्धतीची एक गंमत अशी, की खोडलेलं पत्र लगेच जात नाही. त्यावर फक्त 'खोडलं' अशी खूण होते. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत ते तिथेच पडून असतं.

'ड्राफ्ट्स'मध्ये असं एक खोडलेलं पत्र होतं. माझ्याच नावाने. ऑगस्ट २००५.

त्या वर्षी कृष्णेला मोठा पूर आला होता. पाऊस पडतो आमच्या साताऱ्याच्या डोंगरात, कोयना भरते, कराडला प्रीतिसंगमावर ते पाणी कृष्णेला मिळतं आणि घरं बुडतात सांगलीत. बाबांनी तेव्हा काकांना फोन केला होता, सगळे साताऱ्याला या म्हणून. काका तोडून काहीतरी बोलले. त्यानंतर दोघा भावांत लग्न-कार्यापुरतंच बोलणं उरलं. पत्रात चारच ओळी होत्या. दादाचं बरोबर होतं, मी तसं बोलायला नको होतं, त्याला मेल वाचता येत नाही तर तू वाचून दाखव, असं काहीसं. लिहिलं आणि पाठवलं नाही.

खोडलेलं दुसऱ्याला दाखवावं का? मी काकूंनाच विचारलं. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नावाचं आहे ना? मग पोचव."

साताऱ्याला येऊन बाबांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "फोन करायला काय झालं होतं याला?" एवढंच. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळीच त्यांनी काकूंना फोन लावला आणि चांगला अर्धा तास बोलत बसले. विषय भडंग, हळदीचा भाव आणि गुडघे.

असो. मेल आता सर्व्हरवरच राहते, तेव्हा ही कटकट नव्या पिढीला नाही. पण ज्यांच्या घरात असा एखादा डबा अजून माळ्यावर आहे, त्यांनी येत्या रविवारी तो खाली काढावा आणि पेनड्राइव्हवर एक नक्कल घ्यावी. घाईने 'कॉम्पॅक्ट' मात्र करू नका.