दोन बोटं माया

पहिल्या खेपेला घरी जाऊन जे काही शूट करून आणलं, त्यातलं निम्मं वाया गेलं. कॅमेरा पडला नव्हता, कार्डही बिघडलं नव्हतं. चूक माझ्या बोटाची. आईनं मशीनचं चाक हातानं फिरवून सुई खाली घेतली की मी लाल बटण दाबायची, आणि तिचा पाय थांबला रे थांबला की पुन्हा दाबून बंद. 16 जीबीचं एकच कार्ड, कॅमेरा पाच जणांत मिळून एक, तोही सोमवारी दहाच्या आत विभागात जमा करायचा. काटकसर अंगात मुरलेली. पुण्याला परतून टाइमलाइनवर एकेक शॉट मांडायला घेतला, तर एकाचं दुसऱ्याशी जमेचना.

संकलनाचे सर मागं उभं राहून बघत होते. "हँडल्स कुठायत?" त्यांनी विचारलं. मला वाटलं ट्रायपॉडचं काही. "अगं, काम सुरू व्हायच्या आधी चार-पाच सेकंद कॅमेरा चालू पाहिजे, संपल्यावर चार-पाच सेकंद. तू अगदी कडेला कापून आणलंयस. आता जोडणार कशाला?"

मी मान खाली घातली. हे वाक्य मला पाठ होतं. शब्द वेगळे, पण लहानपणापासून पाठ. "दोन बोटं माया ठेव गं. बाईचं अंग काय एकसारखं राहतंय? उद्या सैल करायचा म्हटला तर आत कापड नको?" शिलाईच्या आतल्या अंगाला जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. आई मिरजेत वीस वर्षं ब्लाउज शिवत होती. आणि मी शिवण शिकणार नाही, असं नववीत असतानाच जाहीर करून मोकळी झाले होते.

खरं सांगायचं तर आईवर फिल्म करायची माझी काही फार थोर इच्छा नव्हती. सरावाचा विषय असा होता: एक काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पाच मिनिटांत, एकाही संवादाशिवाय. बाकीच्यांनी कुंभारवाडा घेतला, मंडईतला हारवाला घेतला, एकानं तर स्वतःच्या दाढीवर भागवलं. मला घरचं तिकीट तसंही काढायचं होतं.

सर जुन्या वळणाचे. स्टीनबेकच्या टेबलावर खरीखुरी फिल्म कापून, चिकटपट्टीनं जोडून शिकलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुठल्याशा भंगार रिळातून प्रत्येकाला एक-एक फूट 35 एमएम फिल्म वाटली होती. "मोजा," म्हणाले. एका फुटात 16 चौकटी. सेकंदाला 24 लागतात, म्हणजे हातातलं ते फूटभर कापड सेकंदाचे दोन-तृतीयांश. मिनिटाला 90 फूट. मी ती पट्टी उजेडाकडं धरली. एका माणसाचा हात 16 वेळा, जवळजवळ सारखाच. दोन्ही काठांना बारीक चौकोनी भोकं, चौकटीमागं चार. साडीला काठ असतात तसे हे काठ, असं मनात आलं, आणि कापड म्हणून तिच्याकडं बघायला लागले ते तेव्हापासून.

त्याच तासाला सरांनी सांगितलेली गोष्ट मी त्या रात्री फोनवर आईला सांगितली होती. ल्युमिएर बंधूंपुढं एक पेच होता. फिल्म नुसती सरसर ओढली तर पडद्यावर सगळं फराटा होतं. प्रत्येक चौकट क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात तिच्यातून उजेड गेला पाहिजे, आणि मग अंधार करून, कुणाच्या नकळत, पुढची ओढून आणली पाहिजे. थांब-चाल, थांब-चाल. हे कसं साधायचं ते लुईला सुचलं म्हणतात शिलाई मशीनवरून. सुई कापडात असते तोवर कापड जागचं हलत नाही. सुई वर निघाली की खालचे दाते त्याला एक टाका पुढं सरकवतात. 1895 च्या डिसेंबरात पॅरिसला त्यांचा पहिला तिकिटाचा खेळ झाला आणि पुढच्या 7 जुलैला तो मुंबईत, वॉटसन हॉटेलात आलासुद्धा. आईनं सगळं ऐकून घेतलं. "मग आमच्या मशीनला कुणी विचारलं नाही ते?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या खेपेला मी माया ठेवून शूट केलं. मग दुसऱ्या चुका झाल्या.

आईचं मशीन खिडकीला लागून. मी काही शॉट दारात उभं राहून घेतले, काही हौसेनं पलंगावर चढून, समोरच्या अंगानं. जोडून बघते तर एका शॉटमध्ये आई डावीकडं तोंड करून शिवतेय, पुढच्यात उजवीकडं. दोन सख्ख्या बहिणी समोरासमोर बसून भांडत शिवतायत असं दिसत होतं. कॅमेऱ्यानं ओलांडायची नसते अशी एक न दिसणारी रेघ असते, हे वर्गात फळ्यावर काढून दाखवलेलं होतं. वहीत मी ती पट्टीनं आखलेलीही होती. पण घरात पलंग दिसला, रेघ दिसली नाही. नवशिक्या पोरी एक बाही सुलटी आणि एक उलटी जोडून ठेवतात, तसलाच प्रकार. शेवटी सुईचा अगदी जवळून, वरनं घेतलेला एक शॉट होता, ज्याला डावं-उजवं काहीच नव्हतं, तो मध्ये घालून वेळ निभावली.

ट्यूबलाइटखालच्या शॉटांत काळपट पट्टे वरनं खाली सरकत होते, कारण मी शटर साठावर ठेवलं होतं आणि आपली वीज चालते पन्नासाच्या तालावर. ते सगळे शॉट गेले.

आणि एक चष्मा होता. शिलाई संपली की आई वाकून दातानं दोरा तोडते. कात्री हाताशी असते, तरी दातानंच. हे लांबून एकदा घेतलं, जवळून एकदा. लांबून वाकायला सुरुवात आणि तोडणं जवळून, असं हालचालीच्या मध्यातच कापायचं होतं. हालचाल चालू असताना कापलं की डोळ्याला सांधा कळत नाही. सांधा खरंच छान बसला. मी तो दहा वेळा पाहिला, अकराव्यांदा लक्षात आलं की वाकताना आईचा चष्मा नाकावर आहे आणि दोरा तोडताना कपाळावर. वर्गात तो कुणालाच दिसला नाही. मला अजूनही तेवढाच दिसतो.

कुलेशॉव्हचा तासही त्याच सुमाराचा. रशियातल्या लेव्ह कुलेशॉव्हनं एका नटाचा तोच तो कोरा चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका बाईशेजारी. आणि बघणाऱ्यांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं, ओढ दिसली. चेहरा तोच. वर्ग चकित झाला. मी तितकीशी झाले नाही. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की आई चिंध्यांच्या गाठोड्यातनं एकेक तुकडा काढून काठाशेजारी धरायची. मोरपंखी काठाशेजारी जी चिंधी मळकी दिसे, तीच लाल काठाशेजारी धरली की उजळून निघे. "रंग एकटा नसतोय," ती म्हणायची, "शेजार बघायचा." हे मी वर्गात बोलले नाही. आईचं शिवणकाम वर्गात आणायची तेव्हा थोडी लाजच वाटायची, हे कबूल करायला हवं.

त्यात भर म्हणजे विशेष विषय निवडायची वेळ आली तेव्हा कुणीतरी वडीलकीनं सुचवलं होतं, "मुलींनी एडिटिंग घ्यावं. बसून करायचं काम आहे, शिवण-टिपणासारखं." मला राग आला होता, आणि नेमका कशाचा आला ते बरीच वर्षं कळलं नाही. मुलींना बसवलं याचा, की शिवणकामाला हलकं लेखलं याचा? पुढं वाचनात आलं, की 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये गिरगावात कॉरोनेशनला लागला त्याच्या आधी कच्च्या फिल्मच्या काठांना भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करत. घरातल्या माणसांचा स्वयंपाक उरकून. आमच्याच शहरात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजांना संकलनाचं राष्ट्रीय पारितोषिक चारदा मिळालं, त्यातलं एक 'परिंदा'साठी. त्यांनाही हे बसून करायचं काम म्हणून कुणी सुचवलं होतं का, कोण जाणे. मी एडिटिंगच घेतलं. सुचवलं म्हणून नव्हे, पण कारण काय होतं तेही धड सांगता येणार नाही.

फिल्मला मी आधी बासरी लावली होती. फुकट मिळालेली, गोडगोड. सरांनी ती बंद केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला 'कुंकू' दाखवला. प्रभातचा, 1937 चा. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे घरात, रस्त्यावर वाजेल तेच ऐकू येतं. घड्याळाची टिकटिक ऐकता ऐकता आपणच अस्वस्थ होत जातो. त्या काळी, आपल्याकडं बोलपट पाच-सहा वर्षांचा असताना, एवढा संयम! आम्ही मात्र सुरुवातीच्या नावांनाही तबला लावून ठेवला होता.

बासरी काढल्यावर फिल्म ओकीबोकी झाली. खोलीचा आवाज मी वेगळा रेकॉर्ड केलेलाच नव्हता. कुणी बोलत नाही, काही हलत नाही, अशा रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज धरून ठेवायचा असतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी, एकीची दुसरीला लागत नाही. त्यासाठी तिसरी खेप. दुपारी आईला मशीनवरून उठवलं, पंखा बंद केला, शेजारच्या पोरांना पिटाळलं आणि हेडफोन लावून जमिनीवर बसले. पहिल्यांदाच आमचं घर ऐकलं. खिडकीच्या गजावर दोऱ्याला टांगलेले हँगर एकमेकांना लागत होते. लांब रेल्वे यार्डात डबे आदळले. आणि मागं, स्वयंपाकघराच्या दारात, आई श्वास रोखून उभी होती, तर तिच्या बांगड्या.

ते मिनिट टाइमलाइनवर खाली अंथरलं आणि वर मशीनचा आवाज मांडला. मग हात आपोआप चालला. मशीनचा आवाज मी चित्राच्या आधी सुरू केला: पडदा काळा, नुसती खडखड, थांबते, पुन्हा खडखड, मग हळूच खिडकी, आणि मग आई. सर म्हणाले, याला जे-कट म्हणतात. टाइमलाइनवर त्याचा आकार इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो म्हणून. असेल. आमच्या घरात सकाळ रोज तशीच व्हायची. डोळे मिटलेले, गोधडी तोंडावर, आणि आधी मशीन ऐकू यायचं. लग्नसराई असली तर पाचलाच. आई दिसायची त्यानंतर.

फिल्म झाली, पाच मिनिटं चार सेकंद. सुट्टीत घरी नेली. रात्री अकराला, गिऱ्हाइकं संपल्यावर, लॅपटॉप मशीनच्याच पाटावर ठेवला. आईनं चष्मा पुसला. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते. ती स्वतःच्या चेहऱ्याकडं बघतच नव्हती.

"थांब. मागं घे."

घेतलं.

"अजून थोडं मागं. हां. हे बघ, मुंढ्यापाशी टाका वाकडा गेलाय."

बरोबर होतं. बाही बसवतानाचा शॉट. मागून मी काहीतरी बोलले होते म्हणून तिनं मान वर केली होती आणि हसली होती. सबंध फिल्ममध्ये ती तेवढ्या एका ठिकाणी हसते. तेवढ्यात पाय चालत राहिला आणि टाका सुटला.

"काढून टाक ते," आई म्हणाली.

वॉल्टर मर्च या संकलकानं कट निवडण्याचा एक हिशेब मांडून ठेवलाय: भावनेला 51 टक्के, गोष्टीला 23, लयीला 10, आणि नजर कुठं जाते, जागा कुठली, कोण कुठं उभं आहे वगैरेंना उरलेले. म्हणजे भावना एकटीच बाकी सगळ्यांना पुरून उरते. मी आईला हे समजावून सांगायला लागले. तिनं शांतपणे ऐकलं.

"डॉक्टरीणबाईंचा ब्लाउज आहे तो. त्यांनी बघितलं तर?"

"त्यांना कोण दाखवतंय?"

"मला दिसलं ना."

मी शॉट काढला नाही. पुण्याला आले, फिल्म जमा केली. तिसऱ्या दिवशी फोन.

"डॉक्टरीणबाईंकडनं ब्लाउज परत मागवून घेतला. बाही उसवून सरळ बसवली. येत्या रविवारी कॅमेरा घेऊन ये आणि तेवढंच पुन्हा काढ."

"आणि हसशील का तशीच?"

"शिवताना हसायचं काय त्यात," ती म्हणाली. फोन ठेवायचं मात्र विसरली. पलीकडं मशीन सुरू झालं, आणि मी बराच वेळ ते ऐकत बसले.