जिभेवर न आलेली भाषा

आपण काय बोललो, काय केलं, याचा हिशोब ठेवायला जग बसलेलं असतं. काय बोलता बोलता थांबलो, कोणता हात पुढे जाता जाता मागे घेतला, याची नोंद कुठेच होत नाही. माझा अभ्यास या न झालेल्या गोष्टींचा आहे. मेंदू स्वतःला कसा आवरतो, हा आमच्या क्षेत्राचा प्रश्न. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘निरोधक नियंत्रण’ म्हणतात. या लेखापुरतं मी त्याला ‘आवर’ म्हणेन. हा अभ्यास आजवर मुख्यतः पाश्चात्त्य विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत झाला. पण त्यातल्या एका मोठ्या वादाचं उत्तर शोधायचं असेल, तर मन्नाएखेळ्ळीसारख्या गावात जायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

न झालेली गोष्ट मोजायची कशी? आमची एक नेहमीची चाचणी आहे. पडद्यावर बाण उमटतो. तो डावीकडे असेल तर डावं बटण दाबायचं, उजवीकडे असेल तर उजवं. थोड्याच वेळात बोटं सरावतात. मग मधूनच बाणापाठोपाठ एक बारीक आवाज येतो. तो ऐकला की बटण दाबायचं नाही. आवाज लगेच आला तर बोट थांबतं; किंचित उशिरा आला तर, कळत असूनही, बटण दाबलं जातं. गॉर्डन लोगन आणि विल्यम काउअन यांनी १९८४ साली याचं गणित मांडलं. ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन प्रक्रिया शर्यतीला लागतात आणि जी आधी पोचते ती जिंकते. या गणितातून थांबायला लागलेला वेळ काढता येतो. निरोगी तरुण माणसात तो साधारण पाव सेकंद किंवा त्याहून थोडा कमी भरतो.

या पाव सेकंदात कपाळाच्या मागचा, उजव्या बाजूचा एक खालचा भाग कामाला लागतो. तिथून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ या छोट्याशा केंद्राकडे जातो आणि सुरू होऊ घातलेली हालचाल रोखली जाते. पार्किन्सनच्या काही रुग्णांत याच केंद्रात बारीक तार बसवून विद्युत उत्तेजन देतात. त्यानं कंप आणि ताठरपणा कमी होतो. पण काही रुग्ण अवघड निवडीच्या वेळी थबकून विचार करायच्या ऐवजी घाईनं निर्णय घेऊ लागतात. संयम हा केवळ संस्काराचा भाग मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आवराला शरीर आहे, आणि शरीरातल्या कोणत्याही गोष्टीसारखा तो वाढतो, थकतो, बिघडतो. कपाळामागचा हा भाग पक्व व्हायला विशी उलटावी लागते, म्हणून लहान मुलाकडून मोठ्यांइतक्या संयमाची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

आता भाषेकडे येते. ज्याला दोन भाषा चांगल्या येतात त्याच्या डोक्यात, तो एकीत बोलत असताना, दुसरी झोपलेली नसते. दोन्हींतले शब्द एकदम जागे होतात. मग नको असलेल्या भाषेला मागे धरून ठेवावं लागतं, असा सिद्धांत डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ साली मांडला. पुढच्याच वर्षी रेनाटा म्यूटर आणि अ‍ॅलन ऑलपोर्ट यांनी तो अंकांवर तपासला. पडद्यावर अंक येई आणि मागच्या रंगावरून तो कोणत्या भाषेत म्हणायचा ते ठरे. भाषा बदलली की उत्तराला उशीर होई. लक्षणीय गोष्ट अशी की, परक्या भाषेतून स्वतःच्या पक्क्या भाषेकडे परतताना उशीर जास्त होई. त्याचा अर्थ असा लावला गेला की पक्की भाषा जोरकस असल्यानं तिला जास्त दाबून धरावं लागतं आणि सोडवून घ्यायला वेळही जास्त लागतो. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक तसाच दिसला नाही, पण भाषा बदलण्याची किंमत मोजता येते, हे पक्कं झालं.

मन्नाएखेळ्ळी हे बिदर जिल्ह्यातलं, सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावरचं गाव. हुमनाबाद सोडून जहिराबादकडे निघालं की ते लागतं. एका अंगाला बिदर, दुसऱ्या अंगाला कलबुर्गी जिल्ह्यातलं चिंचोळी. निजामाच्या काळचा बिदर जिल्हा १९५६ च्या पुनर्रचनेत तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, जहिराबाद आंध्रात गेलं, उरलेला भाग म्हैसूर राज्यात गेला. सोयरिकी आणि बाजार मात्र जुन्या वाटांनी चालू राहिले. म्हणून इथे कन्नड, मराठी, दखनी आणि तेलुगू या चारही भाषा एका दिवसात कानावर पडतात.

या भागातल्या भुसाराच्या दुकानात तुरीची पोती मोजली जात असताना कान देऊन ऐकावं. हमालांची मोजणी कन्नडात चाललेली असते. दुकानदार वहीत २३ लिहितो, समोरच्या शेतकऱ्याला म्हणतो, “तेवीस झाली बघा, पाटील,” आणि मान वळवून ट्रकवाल्याला, “तेईस हुए, भाई.” कन्नडात हाच आकडा ‘इप्पत्तमूरु’ होतो, म्हणजे आधी वीस, मग तीन. मराठीत आधी तीन येतात, मग वीस. कन्नडातून मराठीत येताना शब्दाबरोबर क्रमही उलटा करावा लागतो. जिभेच्या टोकाशी आलेले वीस मागे सारून तीन पुढे काढावे लागतात. मराठीतून दखनीत जाताना क्रम तोच राहतो. मराठी-कन्नड आणि मराठी-दखनी या दोन जोड्यांना सारखाच आवर लागतो, असं गृहीत धरणं मला म्हणूनच पटत नाही. हा फरक प्रयोगानं तपासण्याजोगा आहे, आणि त्यासाठी लागणारी माणसं इथे दुकानादुकानांत बसलेली आहेत.

आयुष्यभर असा आवर घालत राहिल्यानं मेंदूला काही लाभ होतो का, हाच तो मोठा वाद. त्यातला एक वजनदार पुरावा याच महामार्गाच्या पुढच्या टोकाला, हैदराबादला मिळाला. निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३९१ जण एकाहून अधिक भाषा बोलणारे होते. त्यांच्यात आजाराची लक्षणं एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. निरक्षर रुग्णांतही हा फरक टिकला, त्यामुळे हे सगळं शिक्षणाचं फळ असेल ही शंका बरीच मावळली. दोनाहून जास्त भाषा आल्यानं मात्र आणखी लाभ दिसला नाही. याच गटानं २०१६ साली पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास मांडला. पक्षाघातानंतर बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण बहुभाषिकांत ४०.५ टक्के होतं, एकभाषिकांत १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखंच होतं. म्हणजे लाभ झाला असलाच तर तो शब्दसाठ्याचा नसून लक्ष आणि नियंत्रणाशी जोडलेला असावा.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. २०१८ साली मिन्ना लेह्टोनेन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवरच्या १५२ अभ्यासांची एकत्र छाननी केली. अनुकूल निष्कर्षच जास्त छापले जातात हा दोष वजा केल्यावर बहुभाषिकांची सरशी उरली नाही. हे निष्कर्ष मी गंभीरपणे घेते. बहुभाषिकाचा मेंदू तल्लख असतो, असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

मला दोष प्रश्नातच दिसतो. ‘तुम्हांला किती भाषा येतात?’ या एका प्रश्नावर माणसांचे दोन गट पाडले जातात. पण एक माणूस घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी बोलतो. दुसरा एकाच जागी, समोरचा माणूस बघून क्षणाक्षणाला भाषा बदलतो. तिसरा एकाच वाक्यात दोन्ही मिसळतो. ग्रीन आणि युबिन अबुतालेबी यांनी २०१३ साली हेच तीन प्रकार मांडून म्हटलं, की प्रत्येकाला लागणारं नियंत्रण वेगळं. सर्वांत जास्त आवर दुसऱ्याला लागावा. मिसळून बोलणाऱ्याला एका भाषेला दाबण्याची गरजच कमी. भुसाराच्या दुकानातला आपला दुकानदार दुसऱ्या प्रकारातला. तोच संध्याकाळी मित्रांत बसला की तिसऱ्या प्रकारात जातो.

यात सीमाभागाची आणखी एक गोष्ट मिसळते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगलीजवळच्या कुपवाडच्या बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासानं इतक्या जवळ आल्या होत्या, की वाक्याची घडण तीच ठेवून शब्दाला शब्द बदलता येई. घरातली भाषा मात्र जो तो सांभाळून होता. लोकांनी वाक्यरचनेतला आवराचा भार पिढ्यांच्या ओघात हलका केला आणि ओळख सांगणारे शब्द तेवढे वेगळे ठेवले, असा मी याचा अर्थ लावते. कॅनडातल्या इंग्रजी-फ्रेंच बोलणाऱ्याला लावलेलं माप अशा माणसाला कसं चालेल?

चाचण्याही नव्यानं बांधाव्या लागतील. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापून शाईचा रंग विचारायचा, ही स्ट्रूप यांची १९३५ ची चाचणी आजही सर्रास वापरतात. ज्या आजीला वाचता येत नाही तिला तो शब्द छळतच नाही. तिचं उत्तर झटकन येईल आणि त्यातून काहीच कळणार नाही. तिच्यासाठी सूर्य दाखवल्यावर ‘रात्र’ आणि चंद्र दाखवल्यावर ‘दिवस’ म्हणायला लावणारी चाचणी चालेल. ती मूळ लहान मुलांसाठी असल्यानं मोठ्यांसाठी थोडी कठीण करावी लागेल. किंवा पोत्यांच्या मोजणीसारखी, तिच्या दोन भाषांत आलटूनपालटून आकडे म्हणण्याची. ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध समाजातल्या एकभाषिक आणि द्विभाषिक मुलांची तुलना केली. समाज एक ठेवून फरक भाषेचा घेण्याची ती पद्धत इथेही उपयोगी पडेल.

शास्त्राचा निकाल लागेपर्यंत शिक्षकांना आणि पालकांना एवढं सांगता येतं. मूल घरी मराठी, शाळेत कन्नड आणि गल्लीत दखनी बोलतं म्हणून त्याची बुद्धी गोंधळते, याला आधार नाही. त्यानं वाक्यात भाषा मिसळली तर ती चूक समजून त्याला गप्प करू नये, आणि प्रगती व्हावी म्हणून घरची भाषा सोडायचा सल्ला देऊ नये. कुणाशी कोणती भाषा बोलायची हे चार वर्षांचं पोर ओळखतं, तेव्हा ते एक कठीण काम रोज बिनबोभाट पार पाडत असतं. दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाची स्मृती तपासणाऱ्यांनी भाषा किती, यापाठोपाठ कोणती कुणाशी आणि दिवसातून केव्हा, हेही लिहून घ्यावं. त्या एका वाढीव ओळीतून काही वर्षांत आमच्या वादाला लागणारी माहिती उभी राहील, आणि ती जमवायला महागडं यंत्र लागत नाही.