पुस्तकं स्वतः आणून द्या

वर्षातून दोनदा मी एकच भाषण करते. एकदा पावसाळा लागला की, आणि एकदा संक्रांतीच्या पुढेमागे. सेमिस्टर सुरू झाली की पहिल्या वर्षाची मुलं-मुली घोळक्यानं ग्रंथालयात येतात, ओल्या छत्र्या दारातल्या बादलीत ठेवतात, आणि मी माझी यादी सुरू करते. ओळखपत्र, बारकोड, एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, उशीर झाला तर दंड किती. मग कामाचं. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बांधून ठेवल्यात. गरजू मुलांना बुक बँकेतून क्रमिक पुस्तकांचा अख्खा संच सेमिस्टरभर मिळतो. एन-लिस्टचा पासवर्ड घेतलात तर घरबसल्या मोबाईलवर ई-पुस्तकं वाचता येतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं, आणि शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध उघडे करून ठेवलेत, तेही त्यांचंच काम. स्पर्धा परीक्षांचा कोपरा वेगळा आहे. मुलं प्रश्नपत्रिकांचं तेवढं लिहून घेतात, बाकी कानाआड.

प्राध्यापकांसाठी यादी वेगळी. नवीन खरेदीला कुठली पुस्तकं सुचवायची, दुसऱ्या ग्रंथालयातून काय मागवता येईल, प्रबंधातली उसनवारी तपासायची सोय कुठे आहे. ही मंडळी ऐकून घेतात, चहा घेतात, आणि दोन वर्षांपूर्वी नेलेली पुस्तकं आठवण करून दिली की म्हणतात, "आहेत की हो मॅडम, घरीच आहेत!"

आमच्या बेळगावच्या ग्रंथालयात एक गंमत मी मुलांना हमखास दाखवते. ड्युईच्या वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक 891.46 आणि कन्नडचा 894.814. म्हणजे एकाच भिंतीला, दोन हातांच्या अंतरावर. बाहेर फलक कुठल्या भाषेत असावा यावरून काय काय होतं ते इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. आत मात्र दोघी शेजारणी वर्षानुवर्षं भांडण न करता राहिल्यात.

आता मूळ गोष्टीकडे येते.

पुस्तक जपायचं हे मी घरातच शिकले. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आजी बस्तीतल्या आणि घरातल्या पोथ्या काढायची. ऊन द्यायची, झटकायची, जुनं वेष्टन सोडून नवीन कापडात बांधायची. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम या दिवशी पुरा केला, म्हणून हा शास्त्राचा सण. आम्ही पोरींनी पोथीला हात लावायचा तो हात धुऊन. बोट थुंकीनं ओलं करून पान उलटलं की पाठीत धपाटा. ती सवय घेऊनच मी नोकरीला लागले, आणि ग्रंथपालाला ती शोभतेही. मे महिन्यात पुस्तकांची मोजणी होते, एखादं कमी भरलं तर उत्तर मलाच द्यावं लागतं. त्यामुळे माझं लक्ष असायचं पुस्तक परत आलं का, पान फाटलं का, यावर.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. खानापूर तालुक्यातून येणारी एक मुलगी होती. बी.ए.चं दुसरं वर्ष. बुक बँकेतून तिनं संच नेला होता. दुपारच्या सुट्टीत खिडकीजवळच्या टेबलावर बसायची, चारच्या बसला पळायची. तिनं कधी काही विचारलं नाही, मीही नाही. दिवाळीच्या आधी एक दिवस तिची आई आली. हातात दुकानाच्या पिशवीत बांधलेला संच.

"बाई, पुस्तकं घ्या. लेकीचं ठरलं."

मी पुस्तकं मोजली. पाच. एकेक उघडून बघितलं. इतिहासाच्या पुस्तकाचं एक पान कोपऱ्यात फाटलं होतं. मी म्हटलं, "हे कसं फाटलं?" ती बाई घाबरली. "धाकट्यानं ओढलं असेल बाई. पैसे पडतील काय?" मी मोठ्या मनानं म्हटलं, राहू दे. रजिस्टरमध्ये नोंद केली, नाव खोडलं, येणे बाकी नाही म्हणून शिक्का मारला. ती दोनदा नमस्कार करून गेली. माझा हिशोब जुळला होता.

तीन-चार दिवसांनी त्याच पुस्तकाचं पान चिकटवायला घेतलं, तर आत वहीचा कागद सापडला. पाचव्या प्रकरणापर्यंत मुद्दे काढलेले, आणि खाली पुढच्या प्रकरणांची यादी, प्रत्येकापुढे तारीख. कुठल्या दिवशी काय वाचायचं ते ठरवून ठेवलं होतं. शेवटची तारीख परीक्षेच्या आठवडाभर आधीची.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या माऊलीला मी पानाबद्दल विचारलं, मुलीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कधी आहे लग्न? परीक्षा जवळ आलीय, तेवढी होऊ द्या की. सासरचे शिकू देणार आहेत काय? विचारून काही झालं असतं, असं मी म्हणत नाही. पण विचारलं नाही, हे खरं. ऑफिसातून पत्ता घेऊन मी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

ग्रंथालयशास्त्र शिकताना रंगनाथनांचे पाच नियम सगळ्यांना पाठ करावे लागतात. 1931 साली त्यांनी ते मांडले. पहिलाच नियम: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. परीक्षेत मी तो सुबक अक्षरात लिहिला होता. षट्खंडागमाचंही तसंच झालं नाही का? मूडबिद्रीला ताडपत्रांवर ते शतकानुशतकं जपलं, लोक लांबून दर्शनाला जायचे, हात जोडून परतायचे. डॉ. हिरालाल जैनांनी अमरावतीहून त्याचा पहिला छापील खंड 1939 मध्ये काढला, तेव्हा कुठं ते वाचणाऱ्यांच्या हातात पडू लागलं. ज्यांनी जपलं त्यांचे उपकार आहेतच, ते नसते तर छापायला काय उरलं असतं? पण नुसतं जपून भागत नाही.

त्या वर्षानंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. एक, सेमिस्टरच्या मध्यावर देवघेवीची यादी काढून बसते. नेमानं येणारी कोण पंधरा दिवस फिरकली नाही, ते शोधते. हजेरीपुस्तकाच्या आधी आमची यादी बोलते, हा माझा अनुभव. मग वर्गशिक्षिकेला फोन करते, ती घरी करते. आणि दुसरं, भाषणाच्या शेवटी एक वाक्य घातलं. हा काही छापील नियम नाही, माझा आहे: "मध्येच कॉलेज सोडायची वेळ आली, तर पुस्तकं कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः आणून द्या."

मुलगे हसतात. मुली हसत नाहीत.

आजवर पाच-सहा जणी अशा स्वतः आल्या. आल्यावर मी पुस्तकं लगेच घेत नाही. बस म्हणते. पाणी देते. काहींचं ठरून गेलेलं असतं, त्या पुस्तकं ठेवून, डोळे पुसून जातात. एकीला फीची अडचण होती, ती आम्ही सहकाऱ्यांनी मिळून निभावली. एकीचं लग्न परीक्षेनंतरच्या मुहूर्तावर गेलं, कारण प्राचार्य स्वतः तिच्या वडिलांशी बोलले. ती पदवी पुरी करून सासरी गेली. एवढंच. फार मोठा आकडा नाही, आणि मला त्याचा गवगवाही करायचा नाही.

या वर्षीही श्रुतपंचमीला मी आजीसारखी घरातली शास्त्रं काढली, नवीन वेष्टनं घातली. पुढच्या आठवड्यात कॉलेज सुरू. बुक बँकेच्या संचांना खाकी कव्हरं घालायची आहेत. इतिहासाचं ते पुस्तक अजून संचात आहे, पान चिकटवलेलं. अभ्यासक्रम बदलला, आता ते कुणी मागत नाही. नियमानं रद्दीच्या यादीत जायला हवं. दरवर्षी ती यादी करताना ते माझ्या हातात येतं आणि परत कपाटात जातं.

तुमच्या घरात, नात्यात एखादी कॉलेजला जाणारी असेल, आणि तिची पुस्तकं कुणी पिशवीत भरून "देऊन या जाता जाता" म्हणून तुमच्या हाती दिली, तर एवढं करा. पिशवी नेऊ नका, तिला घेऊन या.