अब्बांची मशीन

मागच्या वर्षी आमच्या कामठीच्या घराची वाटणी झाली. पलंग, पेट्या, तांब्याचे हंडे सगळं लिहून झालं आणि कुणी कुणाशी भांडलं नाही. माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेलं एक गाठोडं मात्र खाली आलं आणि आम्ही तिघेही भाऊ गप्प झालो. अब्बांची ड्रिल मशीन.

आमचं घराणं विणकरांचं. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून विणकरांची कितीतरी कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. त्यांतली काही कन्हानच्या काठावर, 1821 साली वसलेल्या या छावणीच्या गावात थांबली. दादांच्या वेळेपर्यंत घरात माग होता. मागाचं काही बिघडलं तर दादा आधी स्वतः पाहायचे, नाहीतर शेजारचा सुतार यायचा. माग जुना झाला म्हणून कुणी फेकल्याचं मला आठवत नाही. त्याचा एकेक भाग बदलत जायचा आणि माग तोच राहायचा.

पुढे मागावर पोट भरेना. अब्बांनी कूलर बांधायचं काम धरलं. विदर्भाचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना या धंद्याचं महत्त्व सांगायला नको. पत्रा कापायचा, भोकं पाडायची, पंखा बसवायचा, तिन्ही बाजूंना ताट्या लावायच्या. आधी भोकं पाडायला हातानं फिरवायची मशीन होती. मग अब्बांनी एका भंगारवाल्याकडून विजेवरची ड्रिल आणली. अंग सगळं धातूचं, वजन तीन किलोच्या आसपास. नामपट्टी घासून गुळगुळीत झालेली, त्यामुळे तिची कंपनी आम्हाला कधी कळलीच नाही. त्या काळी मुलुंडची राली वुल्फ आणि आपल्या शिरोळची केपीटी ही नावं कारागिरांच्या तोंडी असत.

पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, या बनावटीचं पेटंट अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर या दोघांना 1917 मध्ये मिळालं. आम्हा पोरांना एवढंच ठाऊक होतं की हातात घेतली की ती बंदूक वाटते. म्हणूनच तिला हात लावायची आम्हाला मनाई होती.

दर वर्षी होळीच्या सुमारास, कूलरचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, अब्बा ती उघडायचे. चार स्क्रू काढले की दोन कार्बन बाहेर यायचे. आखूड झाले असतील तर नवे घालायचे. गिअरवरचं काळं पडलेलं ग्रीस चिंधीनं पुसून नवं भरायचं. एकदा आर्मेचर जळालं, तर वाइंडिंगवाल्याकडे पाठवून नवी तार गुंडाळून आणली. कुणी बिघडलेलं काही घेऊन आलं की अब्बांचं वाक्य ठरलेलं असायचं, ''पहले खोल के देखो.'' जुन्या वस्तू टिकायच्या असं आपण म्हणतो, त्यात अशा उघडून पाहणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. अब्बांकडच्याच दुसऱ्या दोन मशीन लवकर मेल्या आणि भंगारात गेल्या. त्यांची आठवण कुणी काढत नाही.

आणि एक गोष्ट आम्ही घरात फारशी बोललो नाही. 1984 चा मे महिना. अंगणात कूलरमध्ये पाणी सोडून पाहणं चाललं होतं, फरशी ओली होती. अब्बा मशीन खाली ठेवून नळाकडे गेले. धाकटा नऊ वर्षांचा होता, अनवाणी. त्यानं ती बंदूक उचलली. वायर जिथे आत शिरते तिथलं रबर झिजलं होतं, तार धातूच्या अंगाला टेकली होती. अब्बांच्या पायात नेहमी रबरी चप्पल असायची, त्यामुळे त्यांना ते कधी जाणवलंच नव्हतं. प्लगला तीन पिना होत्या, पण घराच्या जुन्या फिटिंगमध्ये तिसरी तारच नव्हती. धाकट्याचा हात सुटेना. अम्मीनं धुण्याच्या लाकडी मोगरीनं त्याच्या मनगटावर मारलं, तेव्हा मशीन गळून पडली. तो वाचला. तळहातावर डाग राहिला.

अब्बा त्या रात्री जेवले नाहीत. उघडून पाहणाऱ्या माणसानं वायर तेवढी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी फजरनंतर त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात पुरुषभर खड्डा खणला. तांब्याची पट्टी खाली सोडली, वर कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि तिथून जाड तार घरात नेली. मातीला ओल असेल तरच अर्थिंग चांगलं काम करतं, म्हणून उन्हाळाभर त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घालायचं काम अम्मीनं घेतलं. मशीनची वायरही बदलली आणि ती पुढे वीस वर्षं चालली.

चार वर्षांपूर्वी मी नागपूरहून नवी ड्रिल आणली. प्लास्टिकचं अंग, आत दुहेरी इन्सुलेशन, दोनच पिना. ओल्या जागी तीही वापरू नये, पण हातात घेताना भीती वाटत नाही आणि तेव्हा आमच्या घरी अशी असती तर तो डाग पडला नसता, हे मला कबूल करावंच लागतं. दीड वर्षात तिचा स्विच गेला. दुकानदार म्हणाला, ''पार्ट येत नाही, नवीनच घ्या.'' 2022 च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं 'राइट टु रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं, तिथे जाऊन पाहिलं. माझ्या स्विचचा पत्ता काही लागला नाही. ती ड्रिल अजून कपाटात आहे.

तर ते गाठोडं. मला वाटलं, धाकटा तिच्याकडे पाहणारही नाही. त्यानं गोणपाट सोडलं, मशीन मांडीवर घेतली आणि वायर आत शिरते तिथे अंगठा फिरवला.

''भाईजान, ही मले द्या,'' तो म्हणाला.

मोठ्या भाईंनी यादीत त्याच्या नावापुढे लिहिलं. धाकटा खिडकीतून अंगणाच्या कोपऱ्याकडे पाहत होता. ते अंगण मोठ्या भाईंच्या वाट्याला आलं होतं.

''अम्मी गेल्यापासून खड्ड्यात पाणी कोण टाकते?''

भाई लिहायचे थांबले. कुणीच टाकत नव्हतं. धाकटा उठला आणि बादली शोधायला लागला.