हाडांची उसनवारी

आईच्या रक्ततपासणीच्या कागदावर कॅल्शियमच्या आकड्यापुढे ‘नॉर्मल’ असा शेरा होता, आणि तो मीच तिला मोठ्याने वाचून दाखवला होता. संदर्भ सोडून शब्दाचा अर्थ लावू नये, हे विद्यार्थ्यांना बजावण्यात माझी २० वर्षे गेली. घरात मात्र मी तो एकच शब्द वाचला आणि निश्चिंत झाले.

आई तेव्हा ७६ वर्षांची होती. लोणच्याची बरणी उचलताना पाठीत कळ आली आणि तपासणीत एक मणका दबल्याचे दिसले. हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे ३.२ होता; उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन सुचवले आणि सोबत कॅल्शियम व ड जीवनसत्त्व लिहून दिले. कॅल्शियमच्या गोळ्यांनी आईला मलावरोधाचा त्रास होई; त्यात शेजारच्या काकूंनी मुतखड्याची भीती घातलेली. “रक्तात पुरेसं आहे म्हणतेस ना, मग वरून गोळ्या कशाला गं?” तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही. गोळ्या डब्यातच राहू लागल्या, आणि दिसत असूनही मी काही बोलले नाही.

इंजेक्शननंतर दहाव्या दिवशी सकाळी पोथी वाचता वाचता आई थांबली. ओठांभोवती मुंग्या येत होत्या. दुपारपर्यंत हाताची बोटे आखडू लागली. रक्तातले कॅल्शियम दर डेसिलिटरला ७.३ मिलिग्रॅमवर उतरले होते. ते साधारण ८.५ ते १०.५ असायला हवे. तिला रुग्णालयात ठेवून शिरेतून कॅल्शियम द्यावे लागले.

तिच्या उशाशी बसून मी जे समजून घेतले, ते आधीच समजायला हवे होते. शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तात असते ते अगदी थोडे; पण हृदयाचे आणि स्नायूंचे काम त्यावर चालते, म्हणून शरीर तो आकडा सहसा ढळू देत नाही. आहारातून कमी पडले, किंवा ड जीवनसत्त्वाअभावी आतड्यांतून पुरेसे शोषले गेले नाही, की पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक ते हाडांकडून उसने आणते. कागद ‘नॉर्मल’ म्हणतो तेव्हा ते कोणाच्या जिवावर, हे त्यावर लिहिलेले नसते. पुराणातल्या दधीची ऋषींनी अस्थी एकदाच दिल्या. आईची हाडे वर्षानुवर्षे मुकाट्याने देत आली होती. इंजेक्शनने ही उसनवारी थांबवली. औषधाचे कामच ते. हाडे वाचली, पण बाहेरून पुरवठा नसल्याने रक्तातली तूट उघडी पडली. ज्या गोळ्यांना आम्ही उपचाराची पुरवणी समजलो, त्यांच्याच आधारावर तो उपचार उभा होता.

घरी आल्यावर मी गोळ्यांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम असते ५०० मिलिग्रॅम. त्याला जठरातले आम्ल लागते, म्हणून ते जेवणासोबत घ्यायचे. एका वेळी फार घेतले तर शोषले जात नाही, म्हणून विभागून. आणि सकाळच्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. आईचा त्रास मोकळेपणाने सांगताच डॉक्टरांनी कार्बोनेटऐवजी सायट्रेट दिले. काकूंची भीतीही अगदीच निराधार नव्हती. गरजेपेक्षा अधिक गोळ्यांनी मुतखड्याचा धोका वाढू शकतो. म्हणून आधी ताटातले मोजायचे. दिवसाची गरज सुमारे १२०० मिलिग्रॅम; १०० ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण ३५० मिळते. दूध, दही, तिळाची चटणी धरून जे उरेल, तेवढेच गोळीने भरायचे.

पुढच्या इंजेक्शनच्या तारखेवर दिनदर्शिकेत मी लाल खूण केली आहे. ती तारीख लांबवून चालत नाही. दुसरे औषध सुरू न करता हे थांबवले, तर हाडांची झीज वेगाने परतते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात.

परवा नवा रिपोर्ट आला. “काय म्हणतोय गं?” आईने विचारले.

“९.१,” मी म्हटले. “आणि दुपारची गोळी घेतलीस का?”