हिब्रूचे बिंदू जागेवर आणताना

अलिबागच्या एका बेने इस्रायली (कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या) काकांनी घरच्या मलिद्यासाठी, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाने होणाऱ्या प्रार्थनाविधीसाठी, पुस्तिका लावायला दिली. उजव्या पानावर हिब्रू, डाव्या पानावर मराठी. मजकूर पेनड्राइव्हवर होता, सोबत कुठलासा जुना हिब्रू फाँटही. मी उबुंटूवर झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये पानं लावतो. युनिकोड मराठी त्यात चोख उतरते, म्हणून हिब्रूही त्यातच करायचं ठरवलं.

पहिली पीडीएफ बिनतक्रार निघाली. मराठी जागच्या जागी आणि हिब्रूच्या जागी कोरा कागद! टर्मिनलवर एकही एरर नाही. लॉग फाइल उघडली तेव्हा 'मिसिंग कॅरॅक्टर'च्या ओळींची रांगच लागलेली दिसली. मराठी फाँटमध्ये हिब्रू अक्षरं नव्हती, पण माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत ही बोंब फक्त लॉगमध्ये व्हायची. झीलाटेक ज्या संचातून येतं त्या टेक लाइव्हच्या २०२१ च्या आवृत्तीपासून 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' या सेटिंगची किंमत ३ ठेवली, की गहाळ अक्षर ही थेट एरर ठरते. माझं विचाराल तर ती मुळातच ३ असावी. अक्षर गिळून गप्प बसणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा आरडाओरडा करणारा बरा.

काकांचा फाँट बसवला, फाँटची यादी ताजी करणारं एफसी-कॅश चालवलं, तरी झीलाटेक म्हणे असा फाँटच नाही. फाइलचं नाव एक आणि फाँटच्या आतलं नाव दुसरं होतं. एफसी-लिस्टकडे हिब्रूचे फाँट मागितले तेव्हा खरं नाव कळलं, आणि अक्षरं उमटली.

बिंदू मात्र भरकटलेले. हिब्रूत स्वर दाखवायला अक्षरांच्या खाली-वर बारीक ठिपके आणि रेघा असतात. वर्तमानपत्रात ते बहुधा नसतात, प्रार्थनेच्या पुस्तकात हवेतच. 'बेत' अक्षराच्या पोटात बसून त्याचा उच्चार 'ब' करणारा दागेशचा ठिपका कडेला चिकटला होता आणि अरुंद 'वाव'खालचं चिन्ह शेजाऱ्याच्या अंगणात गेलं होतं. कुठल्या अक्षराखाली कुठलं चिन्ह नेमकं कुठे बसवायचं, हे सांगणारा तक्ता ओपनटाइप फाँटच्या आत असतो. काकांच्या फाँटमध्ये तो नव्हताच. 'स्क्रिप्ट=हिब्रू' लिहूनही फाँट निवडणारं फाँटस्पेक पॅकेज लॉगमध्ये सांगत होतं, की या फाँटला ही लिपी ठाऊक नाही. देवनागरीत 'स्क्रिप्ट=देवनागरी' राहिलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, त्यातलाच हा प्रकार.

मग कुल्मुस हा मुक्त फाँटसंच बसवला आणि त्यातला 'फ्रांक रूल सीएलएम' घेतला. मूळचं हे वळण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाइपझिगमध्ये राफाएल फ्रांक यांनी काढलं. बिंदू जागेवर आले.

खरी गोम मराठी पानांवर निघाली. सूचनांच्या ओळीत मध्येच हिब्रू शब्द होते, तेही नीट दिसत होते. काकांनी प्रूफ डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "अरे, हे 'हन्नबी एलियाहू' झालंय. आधी एलियाहू, मग हन्नबी." झीलाटेक प्रत्येक शब्दाची अक्षरं उजवीकडून डावीकडे बरोबर मांडतं, पण परिच्छेद डावीकडून सुरू होणारा असेल तर शब्दांची रांग मात्र डावीकडूनच लावतं. त्यामुळे एकेकटा शब्द अचूक आणि दोन शब्द आले की उलटापालट. हिब्रू न वाचणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही, आणि लॉगमध्येही त्याचा मागमूस नसतो. पॉलीग्लॉसिया या बहुभाषी पॅकेजची 'टेक्स्टहिब्रू' ही आज्ञा प्रत्येक तुकड्याभोवती घातल्यावर शब्द सरळ झाले. तिच्यासोबत येणाऱ्या 'बिडी' पॅकेजने दुव्यांचं 'हायपररेफ' पॅकेज माझ्याआधी बोलवा म्हणून 'ऊप्स!' करत अडवलं, पण ते एक ओळ वर सरकवण्याचं काम.

बेने इस्रायलींसाठी हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात शिळाछापावर निघाली होती. शिळाछापात पान हातानेच लिहायचं, त्यामुळे बिंदू लिहिणाऱ्याने ठेवला तिथेच राहायचा. त्या कारागिरांचा मला तेव्हा भलताच हेवा वाटला.

सगळं तपासून काकांनी पसंती दिली. "छान झालंय. फक्त हिब्रू जरा मोठं कर, आत्याला दिसत नाही." अक्षर चौदावरून अठरा पॉइंटवर नेलं. हिब्रू वाढलं, समोरची मराठी मागे पडली, आणि मधोमध पिन मारायची पुस्तिका असल्यामुळे पानं चारच्या पटीत आणायला मी पुन्हा पहिल्या पानापासून बसलो.