आंदर मावळात जेवायला जाताना

कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे वळले की आंद्रा नदीचे खोरे, अर्थात आंदर मावळ, उघडत जाते. सहलीला आलेल्या नातवंडांना शहरातले, दोनदा तळून गोड-तिखट चटणीत घोळवलेले कोरियन चिकन आठवत असते. आजोबांना मात्र गावरान कोंबडीचा रस्सा आणि इंद्रायणीचा भात हवा असतो. आजोबांची निवड मला पटते.

अडचण निराळीच आहे. गावरान कोंबडी शिजायला वेळ घेते आणि घरगुती खानावळीत ती बहुधा सांगितल्यावरच चुलीवर चढते. डोंगर पाहत बसणाऱ्याला तो तास सुखाचा. घरूनच इन्सुलिन टोचून आलेल्याला धोक्याचा. घाम, हातांना कंप, अकारण चिडचिड दिसल्यास तो भुकेचा राग समजू नये. रक्तातील साखर उतरत असते. शुद्धीत असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, रुग्णालय गाठावे. जेवणाचे इन्सुलिन सोबत न्यावे. ताटाची खात्री झाल्याखेरीज टोचू नये.

कवळी लावणाऱ्यांना हाडाची किरच टाळूला जाणवत नाही. त्यांच्या वाटीतील फोडी घरच्यांनी आधीच सोडवून द्याव्यात.